गुन्हा घडण्याआधीचा खर्च

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा एकूण आकडा ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा होता. त्यात ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षणाच्या मुख्य योजनेसाठी १५०० कोटी रुपये ठेवले होते. म्हणजे शंभर रुपयांतले तीन पैसे. देशात अठरा वर्षांखालची मुले साधारण ४४ कोटी धरली, तर एका मुलामागे वर्षाला ३४ रुपये पडतात. राज्यांचा वाटा मिळवला तरी रक्कम साठ रुपयांच्या आतच राहते. एवढ्या पैशांत बालगृहे चालवायची, निरीक्षणगृहे चालवायची, बाल कल्याण समित्यांचे मानधन द्यायचे, १०९८ ही हेल्पलाइन चालू ठेवायची आणि उरलेल्या रकमेत संकटात सापडलेल्या कुटुंबांना हातभार लावायचा. यातला बहुतेक पैसा मूल घरातून बाहेर पडल्यावर किंवा त्याच्यावर अत्याचार झाल्यावर खर्च होतो. मूल घरात असताना, अजून काही बिघडलेले नसताना किंवा नुकते बिघडू लागलेले असताना त्या घरापर्यंत पोहोचणारा पैसा फारच थोडा आहे. माझे म्हणणे असे, की अत्याचार रोखण्यावर आणि कुटुंबाला आधार देण्यावर सरकारने ठरवून, दरवर्षी, कायमस्वरूपी खर्च केला पाहिजे. तो दानधर्म समजू नये. रस्ता किंवा धरण यांच्यासाठी जशी तरतूद होते तशीच ती व्हावी.

सध्याची रीत नेमकी उलटी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाले, लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि त्यानंतर सरकारी यंत्रणेला वेग आला. शाळांत सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी करा, तक्रारपेट्या बसवा, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करा, असे आदेश निघाले. त्यातल्या सखी सावित्री समित्यांचा शासननिर्णय मार्च २०२२चा होता. म्हणजे तरतूद आधीपासून कागदावर होती. पण समिती नेमायला पैसे लागत नसले, तरी ती चालवायला लागतात. सदस्यांचे प्रशिक्षण, समुपदेशकाचे मानधन, शाळेत येणारी आणि मुलांना नावानिशी ओळखणारी एखादी बाई, यांतले काहीच फुकट होत नाही. निधीशिवाय काढलेला आदेश मुख्याध्यापकांच्या फायलीत आणखी एक कागद होऊन पडतो आणि तिसऱ्या वर्षी तोच आदेश पुन्हा काढावा लागतो.

अत्याचार कुठे होतो आणि कोण करतो, हे आपल्याला पुरेसे माहीत आहे. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये त्यात होती. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत निम्मी माणसे ओळखीची, विश्वासातली होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारीही हेच दाखवते. २०२२ मध्ये देशभरात मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे नोंदले गेले, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. म्हणजे धोका बहुधा अनोळखी गल्लीत नसतो. तो घरात, नात्यात, शेजारी, शिकवणीत, शाळेच्या वाहनात असतो. सीसीटीव्ही तिथे पोहोचत नाही आणि पोलीस पोहोचतात ते नंतर. शिवाय अत्याचार म्हणजे फक्त लैंगिक अत्याचार नव्हे. रोजची मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणे, शाळा सोडवून कामाला जुंपणे, चौदाव्या वर्षी लग्न लावून देणे, आणि तान्ह्या मुलाला दिवसभर सहा वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर सोडून जाणे, हेही सगळे यात येते. यातल्या बऱ्याच गोष्टी करणारे आईबाप क्रूर नसतात. त्यांच्यापुढे दुसरी सोय नसते.

पहिला आक्षेप इथेच येतो. कायदा आहे, शिक्षा आहे, ती कडक करा, चार जणांना फासावर लटकवा, की बाकीचे सरळ होतील. पॉक्सो कायदा २०१२चा आहे. २०१९ मध्ये दुरुस्ती करून त्यात देहदंडाची तरतूद आणली. त्याच वर्षापासून विशेष जलदगती न्यायालयांची केंद्रीय योजना सुरू झाली. २०२३ ते २०२६ या तीन वर्षांसाठी तिची तरतूद १९५२ कोटी रुपयांची. ही न्यायालये हवीतच. पीडित मुलाचा खटला दहा वर्षे चालणे हा त्याच्यावरचा दुसरा अत्याचार असतो, त्यामुळे या खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. महाराष्ट्राची २०१३ पासूनची मनोधैर्य योजनाही हवी. पीडितेला त्यातून अर्थसाहाय्य मिळते. पण जिथे आरोपी काका, सावत्र बाप किंवा घरातला एकुलता एक कमावता माणूस असतो, तिथे शिक्षा जितकी भयंकर तितके मुलावरचे गप्प बसण्याचे दडपण मोठे. ‘तू बोललीस तर ते फाशी जातील आणि आपण रस्त्यावर येऊ’ हे वाक्य घरात कुणीतरी बोलतेच. त्या मुलीच्या आईला दुसरीकडे राहण्याची सोय, हाताला काम आणि महिन्याला काही निश्चित रक्कम मिळणार असेल, तरच ती तक्रार टिकवू शकते. म्हणजे कायदा चालावा असे वाटत असेल, तर त्यासाठीही कुटुंबाला आधार द्यावाच लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसा आणि आधार दिल्याने मुलांवरचे अत्याचार खरोखर कमी होतात का? गरिबी म्हणजे अत्याचार नव्हे, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. कोट्यवधी गरीब घरांत मुले मायेने वाढतात. पण ताण, कर्ज, व्यसन, एकटेपणा आणि मदतीचा अभाव एकत्र आले की मुलाच्या वाट्याला येणारा हात बदलतो, याला पुरावा आहे. अमेरिकेत २००४ ते २०१३ या काळातल्या राज्यवार माहितीचा अभ्यास झाला. किमान वेतन ताशी एका डॉलरने वाढले, तेव्हा मुलांकडे दुर्लक्ष झाल्याच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटल्या. अलास्का राज्यात तेलाच्या उत्पन्नातून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला काही रक्कम मिळते. मूल जन्मण्याच्या सुमारास घरात ही रक्कम हजार डॉलरांनी अधिक आली, तर ते मूल तीन वर्षांचे होईपर्यंत बालसंरक्षण विभागाकडे त्याच्याबद्दल तक्रार जाण्याची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाली. या दोन्ही ठिकाणी कुणी पालकांना उपदेश केला नव्हता, कुणी पाळत ठेवली नव्हती. घरात थोडा पैसा आला, आणि आईबापांना थोडी उसंत मिळाली.

नुसत्या पैशाने भागत नाही, माणूसही लागतो. त्याचा सर्वांत जुना आणि नीट तपासलेला प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात झाला. संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ मध्ये तिथे सुरुवात केली. चारशे गरोदर स्त्रिया, बहुतेक तरुण, गरीब किंवा एकट्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले गेले आणि काही जणींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका नियमित येत राहिली. ती बाळाचे पोषण बघे, तसेच आईची झोप, नवऱ्याचे वागणे, नोकरी आणि शिक्षण यांबद्दलही बोले. पंधरा वर्षांनी नोंदी तपासल्या, तेव्हा परिचारिका येत असलेल्या घरांत मुलांवरच्या अत्याचाराच्या आणि दुर्लक्षाच्या सिद्ध झालेल्या तक्रारी जवळपास निम्म्या होत्या. २००५ मध्ये रँड या संशोधनसंस्थेने हिशेब मांडला, की अडचणीतल्या कुटुंबांवर यात खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला ५.७० डॉलर परत मिळतात. तुलनेने सुस्थितीतल्या कुटुंबांच्या बाबतीत मात्र सव्वा डॉलरच. या संशोधनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण होत होती, तिथे मुलांसाठीचा हा फायदा ओसरला. आणि इंग्लंडमध्ये हाच कार्यक्रम सोळाशेहून अधिक तरुण मातांवर तपासला, तेव्हा २०१६ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष फारसे उत्साहवर्धक नव्हते. विरोधक हे उदाहरण हमखास पुढे करतात. पण इंग्लंडमध्ये प्रत्येक आईच्या घरी सरकारी आरोग्यसेविका आधीपासूनच जात होती; नव्या कार्यक्रमाची तुलना त्या व्यवस्थेशी झाली. जिथे पाया आधीच आहे तिथे वरच्या मजल्याने थोडाच फरक पडतो. आपल्याकडे अजून पायाच भरायचा आहे.

अर्थात आपल्याकडे ही जागा अगदीच मोकळी नाही. आशाताई आजही नवजात बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी; पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. अकरा भेटी झाल्या. केंद्राच्या दराप्रमाणे पहिल्या सहा भेटींचे मिळून २५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक भेटीचे ५० रुपये. पिशवीत वजनकाटा, तापमापी आणि फॉर्म. बाळाचे वजन, ताप, नाळ, दूध ओढते की नाही, आईला अंगावरून किती जाते, हे ती बघते आणि लिहिते. हे काम मोलाचे आहे, पण फॉर्मचा रोख आजारावर आहे. बाळंतिणीला रात्री झोप येते का, ती सारखी रडते का, घरात दारू चालते का, पुढच्या महिन्यात ती कामावर गेली की बाळ कुणाकडे राहणार, हे विचारायला फॉर्ममध्ये ठळक जागा नाही, आशाताईला त्याचे पुरेसे प्रशिक्षण नाही, आणि उत्तर ‘हो’ आले तर तिने कुणाला फोन करायचा याचे धड उत्तरही नाही. म्हणजे देशातल्या जवळपास प्रत्येक तान्ह्या बाळाच्या उंबऱ्यापर्यंत सरकार पोहोचलेले आहे. तिथून आत जाण्यासाठी आशाताईचा मोबदला वाढवणे, तिला शिकवणे आणि तिच्या मागे तालुक्याच्या पातळीवर एक समुपदेशक उभा करणे, एवढा खर्च आहे. पन्नास रुपयांत एका बाईने घराचा ताण ओळखावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आधीच नोंदवह्यांनी वाकलेल्या तिच्या खांद्यावर मोबदल्याशिवाय आणखी एक नोंदवही टाकायला माझा साफ विरोध आहे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. तिथल्या ईस्टर्न केप या गरीब प्रांतात ५५२ कुटुंबांवर एक प्रयोग झाला; २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गावातल्याच, पदवी वगैरे नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी पालक आणि किशोरवयीन मुले यांना एकत्र बसवून चौदा आठवडे बैठका घेतल्या. राग आला तर काय करायचे, मुलाचे कौतुक कसे करायचे, घरखर्चाचा हिशेब मुलांसोबत कसा मांडायचा, बाहेर मुलीला कुठे धोका आहे, असे साधे विषय. काही महिन्यांनी पालकांनी स्वतः सांगितलेल्या मारहाण-शिवीगाळीच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या, घरातली दारू कमी झाली, पैशाची ओढाताणही थोडी सैल झाली. मुलांच्या सांगण्यात मात्र मारहाणीतला फरक इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे या प्रयोगाचा डांगोरा पिटू नये. तरीही एक गोष्ट त्यातून दिसते. यासाठी महागडे तज्ज्ञ लागत नाहीत. गावात राहणारी, लोक जिचे ऐकतात अशी व्यक्ती लागते. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. गावोगावी ग्राम बाल संरक्षण समित्या स्थापन करायचे आदेश आहेत. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी असा दंडकही आहे. तो पैसा खुर्च्या, सतरंज्या आणि शिलाईयंत्रांवर संपवण्याऐवजी अशा बैठका घेणाऱ्या दोन बायांच्या मानधनावर खर्च व्हायला कुणाची परवानगी लागू नये.

मराठवाड्यात या सगळ्याचा अर्थ फार कठोरपणे समोर येतो. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, परभणी, जालना या भागांतून ऊसतोड मजुरांचे ट्रक आणि ट्रॅक्टर साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. मुलांचे काय करायचे? सोबत नेले तर शाळा बुडते, आणि उसाच्या फडात पहाटे गेलेली आई कोपीत राहिलेल्या तान्ह्यावर लक्ष ठेवू शकत नाही. मागे ठेवले तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. कोपीला दार नसते, गावातल्या घरात रात्री राखण करणारे कुणी नसते. म्हणून आईबाप जबाबदारीतून मोकळे होण्यासाठी तिचे लग्न लावून देतात, आणि लग्न झाले की तिचा आणि नवऱ्याचा नवा कोयता होतो, नवी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास होते. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, तो मांडवात जाऊन लग्न थांबवू शकतो. पण थांबवलेल्या लग्नानंतर ती मुलगी त्या रात्री कुठे झोपणार, याचे उत्तर त्याच्या अधिकारात नाही. ते उत्तर वसतिगृह हे आहे. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजना आहे, ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठीच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये आणि तितकाच सरकारी वाटा असे पैशाचे साधनही ठरवलेले आहे. असे साधन उभे करणे हेच या लेखाला अपेक्षित असलेले धोरण आहे, म्हणून त्याचे मोल मोठे. फक्त मंजुरी आणि अनुदान दसऱ्याच्या आधी शाळेच्या खात्यात आले पाहिजे. जानेवारीत आलेल्या पैशाने ऑक्टोबरमध्ये लागलेले लग्न थांबत नाही.

कुटुंबाला थेट मदत करणारी राज्याची योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. आईबाप दोघे किंवा एक जण गेलेले, गंभीर आजारी, तुरुंगात असलेले, किंवा विभक्त, अशा घरातल्या मुलाला बालगृहात न पाठवता नातलगाच्या वा आईच्याच घरी वाढवण्यासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम ४२५ रुपये होती, मग ११०० झाली, मग आताची. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४००० रुपये आहेत, पण त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत हवे. म्हणजे महिना सहा हजार. दोन वेळा मजुरीला जाणारी विधवा या रेषेच्या वर सहज जाते. शिवाय अर्ज करायचा म्हणजे मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, पासबुक, मग गृहचौकशी, मग जिल्ह्याच्या गावी बाल कल्याण समितीपुढे मुलाला घेऊन हजर राहणे. एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि मंजुरीनंतरही अनुदान महिनोन्महिने रखडल्याच्या तक्रारी येत राहतात. चार महिन्यांचे एकदम मिळालेले नऊ हजार आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मिळणारे २२५० यांत कागदावर फरक नाही, घरात मोठा आहे. अनिश्चित पैशावर आई कामाचे तास कमी करू शकत नाही, मुलीला शाळेत टिकवू शकत नाही, दारुड्या दिराच्या घरातून निघून वेगळी खोली घेऊ शकत नाही. बालगृहाचा खर्च यापेक्षा कितीतरी अधिक येतो. निर्वाह अनुदानाखेरीज अधीक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकी, पहारेकरी, इमारत, वीज, औषधे हे सगळे त्यात येते. बाल न्याय अधिनियमानेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. कायद्याने जो शेवटचा ठरवला, त्याच्यावर अर्थसंकल्पात सर्वांत आधी पैसा ठेवला जातो, हे उलटे करायला हवे.

पैसा कुठे कमी पडतो याचा एक नमुना जिल्हा बाल संरक्षण कक्षात दिसतो. केंद्राच्या आकृतिबंधात एका जिल्ह्याला दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते. अहिल्यानगर जिल्हा घ्या. चौदा तालुके, दीड हजारांहून अधिक गावे, २०११च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या, म्हणजे मुले पंधरा लाखांच्या घरात. त्यांच्या घरांपर्यंत जायला ही चार माणसे, तीही कंत्राटी. गृहचौकशी त्यांनीच करायची, बालविवाह थांबवायला त्यांनीच धावायचे, बालगृहातून घरी परतलेल्या मुलाचा पाठपुरावाही त्यांनीच ठेवायचा. पाठपुरावा होत नाही यात नवल नाही. प्रत्येक तालुक्याला किमान दोन पूर्णवेळ, नियमित पगाराची माणसे, ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही. तालुक्याला कृषी अधिकारी असतो, पशुधन विकास अधिकारी असतो. मुलांसाठीही कुणीतरी असावे.

यावर दुसरा आक्षेप असतो तो पैसा वाया जाण्याचा. रोख रक्कम दिली की नवरा दारू पितो, लोक आळशी होतात. जगभरच्या रोख मदत योजनांचे १९ अभ्यास एकत्र तपासून जागतिक बँकेच्या संशोधकांनी दाखवले, की अशा मदतीमुळे दारू आणि तंबाखूवरचा खर्च सर्वसाधारणपणे वाढत नाही. उलट काही ठिकाणी घटतो. रक्कम आईच्या खात्यात गेली तर धोका आणखी कमी होतो. राज्याकडे तेवढी क्षमता नाही, हा मुद्दाही आता टिकत नाही. जुलै २०२४ पासून महाराष्ट्राने ‘लाडकी बहीण’ योजनेत दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात थेट महिना १५०० रुपये भरून दाखवले; त्या योजनेचा सुरुवातीचा अंदाजच वर्षाला ४६ हजार कोटींचा होता. ती योजना योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. पण खाती आहेत, आधारजोडणी आहे, तिजोरीतून पैसा काही महिन्यांत घराघरांत जाऊ शकतो, हे सिद्ध झाले आहे. तेव्हा अनाथ किंवा एकल पालकाच्या मुलाचे २२५० रुपये वेळेवर जात नसतील, तर अडचण क्षमतेची नाही, प्राधान्याची आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. कुटुंब ही खासगी जागा आहे. सरकार मदतीच्या नावाखाली घरात शिरले, तर उद्या मूल उचलून नेईल. २०११ मध्ये नॉर्वेतल्या एका बंगाली दांपत्याची दोन मुले तिथल्या बालकल्याण विभागाने काढून घेतली, तेव्हा भारतात संतापाची लाट उसळली होती, आणि परदेशातल्या मराठी घरांतही तेव्हापासून ही धास्ती आहे. ती निराधार नाही. ज्या व्यवस्थेकडे मूल काढून घेण्याचा अधिकार भरपूर आणि मदत देण्याचा पैसा तोकडा असतो, ती व्यवस्था तोच अधिकार वापरू लागते. अमेरिकेत कित्येक दशके केंद्राचा मोठा निधी मुलाला घराबाहेर, प्रतिपालक कुटुंबात ठेवल्यावरच मिळत असे. घरात आधार देण्यासाठी त्याच निधीचा वापर करायची मुभा २०१८च्या कायद्याने दिली. सरकारने घरात अधिकारी म्हणून शिरू नये असे वाटणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच आधारासाठीच्या निधीची बाजू घेतली पाहिजे. ऐच्छिक, ओळखीच्या बाईमार्फत येणारी, आई नको म्हणाली तर दारातून परत जाणारी मदत, हा पाळतीला पर्याय आहे.

आणखी एक मुद्दा राहतो. लैंगिक अत्याचार सुखवस्तू घरांतही होतात. तिथे अनुदानाचा काय उपयोग? खरे आहे. तिथे शाळा हीच एकमेव सार्वजनिक जागा असते, जिथे मूल घराबाहेरच्या मोठ्या माणसाशी बोलू शकते. शाळांतल्या सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाच्या कार्यक्रमांचे २४ अभ्यास एकत्र तपासणारा आढावा २०१५ मध्ये आला. मुलांचे ज्ञान आणि स्वतःला वाचवण्याची तयारी वाढते, असे त्यात दिसले. अत्याचार प्रत्यक्षात किती घटतो, हे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. म्हणून वर्षातून एकदा चित्रफीत दाखवून हात झटकता येणार नाहीत. मुलाने सांगितल्यावर विश्वास ठेवणारा, पॉक्सोखाली तक्रार देण्याचे बंधन माहीत असलेला, आणि मुलाला पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सोबत करणारा प्रशिक्षित समुपदेशक शाळांच्या गटाला तरी हवा. त्याच्या पगाराचे लेखाशीर्ष अर्थसंकल्पात हवे.

आणि हे काम सुरू झाले की पहिली काही वर्षे नोंदवलेल्या तक्रारी वाढतील. ज्या मुलांनी आजवर कुणालाच सांगितले नव्हते, ती सांगू लागतील. तेव्हा विरोधक विधानसभेत आकडे फडकवून विचारतील, की एवढा खर्च करून गुन्हे वाढलेच कसे. त्यासाठी सुरुवातीपासून वेगळी मोजदाद ठेवावी लागेल. किती मुली दहावीपर्यंत शाळेत टिकल्या, बालगृहात जाणारी किती मुले घरीच राहू शकली, संगोपनाचे अनुदान किती घरांत त्या त्या महिन्याला पोहोचले, उसाचा हंगाम सुरू होण्याआधी किती वसतिगृहे उघडली, हे तालुकावार दरवर्षी जाहीर व्हावे. यातला प्रत्येक आकडा तहसील कचेरीत, शाळेच्या पटावर किंवा बँकेच्या नोंदीत आधीच पडून आहे. तो एकत्र करायला नवी पाहणी लागत नाही, एक माणूस आणि त्याचा पगार लागतो.